इंदूरची एक दहा मीटर रेंज : सरावाला झकास, सामन्याला अर्धीकच्ची

शालेय विभागीय स्पर्धा, राज्य स्पर्धा, पुढे जमलं तर खेलो इंडियासारखा बहुखेळ महोत्सव, असा हिशेब मनात धरून इंदूरमधले बरेच आईवडील हल्ली मुलांना नेमबाजीला घालतात. खरगोन जिल्ह्यातल्या रतनपूरचा ऐश्वर्य प्रताप सिंह तोमर हांगझोच्या आशियाई खेळांतून पदकं घेऊन आल्यापासून तर जास्तच. हे परीक्षण अशा पालकांसाठी, शहरातल्या एका खाजगी दहा मीटर एअर रायफल-पिस्तूल रेंजचं आहे. रेंजचं नाव देत नाही. इथल्या बऱ्यावाईट गोष्टी कोणत्याही हॉल-रेंजला थोड्याफार फरकाने लागू पडतील, आणि खाली दिलेल्या बहुतेक तपासण्या टेप, मोबाइल आणि थोडा भोचकपणा एवढ्यावर कुठेही करता येतात.

आधी निकाल सांगतो. नेम शिकायला जागा उत्तम, प्रशिक्षक जाणकार, फी इंदूरच्या मानाने ठीक. पण सामना कसा खेळायचा हे इथे जवळजवळ शिकवलंच जात नाही. स्पर्धेला गेल्यावर मुलाचे गुण पडतात ते बहुतेक वेळा नेमामुळे नाही, या दुसऱ्या भागामुळे.

मूळ दुखणं स्लॉटचं. रेंज एका वेळी तासाभरासाठीच लेन (एका नेमबाजाची जागा) देते. दहा मीटरचा सामना असा असतो: 15 मिनिटं तयारी आणि सायटर (गुणांत न धरल्या जाणाऱ्या चाचणीच्या गोळ्या), मग 60 गोळ्यांना 75 मिनिटं. एकूण दीड तास. इलेक्ट्रॉनिक टार्गेट नसेल, कागदावर मारायचं असेल, तर 60 गोळ्यांना 90 मिनिटं मिळतात. म्हणजे महिन्याची फी भरून रोज येणारं मूलही सलग एक पूर्ण सामना कधीच मारत नाही. तो वीस-पंचवीस गोळ्या चांगल्या मारतो, टार्गेटवर जवळजवळ पडलेल्या गोळ्यांचा फोटो काढतो, वेळ संपते. चाळिसाव्या गोळीनंतर काय होतं हे त्याला पहिल्यांदा स्पर्धेतच कळतं: कंबर भरून येते, डावा हात थरथरतो, डोळ्याला टार्गेटचे काळे गोळे दोन दिसायला लागतात. आणि घड्याळाचा अंदाज तर शून्य. काही मुलं घाबरून 35 मिनिटांत सगळ्या गोळ्या संपवतात, काही शेवटच्या दहा गोळ्यांना सहा मिनिटं उरवतात.

यावर रेंजकडे उपाय आहे, फक्त तो मागावा लागतो. रविवारी सकाळी लागोपाठ दोन स्लॉट देतात, पैसे दुप्पट. महिन्यातून दोनदा तरी घ्या. घेताना प्रशिक्षकांना सांगा की मध्ये बोलू नका, आणि 15 मिनिटांचं घड्याळ वेगळं लावा. सायटर संपल्यावर टार्गेटची स्क्रीन सायटरवरून सामन्याच्या मोडवर टाकायची सवयही तेव्हाच लागते. नॅशनल रूल्सच्या म्हणजे एनआर प्रकारात 40 गोळ्याच असतात. तुमचं मूल त्या टप्प्यावर असेल तर ही अडचण कमी जाणवेल, पण संपणार नाही.

आता लेन. बारा आहेत, आठ इलेक्ट्रॉनिक, चार मोटरच्या दोरीवर कागद नेणाऱ्या. अंतर 10 मीटर बरोबर आहे, टार्गेटचा मध्य उभं राहायच्या जमिनीपासून 1.40 मीटर, त्यात 5 सेंटिमीटर वरखाली चालतं. बहुतेक लेनला तो नियमात बसतो. फक्त शेवटच्या दोन लेनपुढे रबरी चटई घातली आहे, ती एका बाजूला उकलली आहे. रायफलवाल्याचा डावा पाय त्या कडेवर आला की रोज वेगळीच उभी राहण्याची पद्धत तयार होते आणि मुलाला वाटतं आपलं बॅलन्स गेलं. त्या दोन लेन टाळा. लेनची रुंदी एक मीटरच्या वर असल्याने शेजाऱ्याचं कोपर लागत नाही.

दिवे हा विषय रेंजवाले नेहमी वॉटमध्ये सांगतात. विचारायचं लक्समध्ये, म्हणजे टार्गेटवर पडणाऱ्या उजेडाच्या मापात. टार्गेटवर किमान 1500 लक्स हवेत. मोबाइलचं लक्स ॲप अचूक नसतं, पण एका लेनची दुसरीशी तुलना करायला पुरतं. मधल्या लेन एकसारख्या उजळ आहेत. खिडकीकडची लेन संध्याकाळी पाच ते सहा फसवते: पश्चिमेचं ऊन पडद्याच्या फटीतून फायरिंग पॉइंटवर येतं, टार्गेटवर येत नाही. पिस्तूलच्या पुढच्या माशीच्या (नेम धरायच्या खुंटाच्या) माथ्यावर चमक येते, माशी बुटकी दिसते, मूल ती नकळत उचलतं आणि गोळ्या वर जातात. मग साइटचं डायल फिरवलं जातं, आणि दुसऱ्या दिवशी मधल्या लेनवर सगळं खाली. रायफलला डायॉप्टर (बारीक छिद्रातून बघायची मागची साइट) असल्याने त्रास कमी, पण पुढच्या रिंगभोवतीची पांढरी कड करडी दिसली की समजावं उजेड कमी पडतोय.

इलेक्ट्रॉनिक टार्गेट आवाजावर चालणारी आहेत. गोळी आत गेली की मायक्रोफोनना आवाज पोहोचायला लागलेल्या वेळेवरून जागा काढली जाते. या यंत्रात काळ्या वर्तुळामागे कागदाची पट्टी असते आणि ती प्रत्येक गोळीनंतर पुढे सरकायला हवी. पट्टी संपली किंवा अडकली, तर पुढची गोळी आधीच्या भोकातून जाते, आवाज नीट होत नाही आणि स्क्रीनवर भलताच आकडा येतो, किंवा येतच नाही. एका लेनवर हे वारंवार होतं. तिथला सहायक मुलगा स्वभावाने गोड आहे, पण त्याचा उपाय एकच: "एक और मार लो भय्या." स्पर्धेत हे महागात पडतं. गोळी नोंदली गेली नाही तर बंदूक टेबलावर ठेवायची, हात वर करायचा, पंचांना सांगायचं आणि ते म्हणतील तेव्हाच पुढची मारायची. आकड्याबद्दल तक्रार असेल तर तीही पुढची गोळी मारायच्या आत. आपल्या मनाने आणखी एक मारली की तक्रारीचा मुद्दाच संपला. ही शिस्त सरावातच लावून घ्या, सहायक कितीही घाई करू दे.

दुसरी गफलत स्क्रीनच्या सेटिंगची. पिस्तूलच्या लेनवरही ती दशांश दाखवते. रायफलच्या पात्रता फेरीत गुण दशांशात धरतात, एका गोळीला 10.9 पर्यंत, म्हणून कमाल 654. एअर पिस्तूलच्या पात्रता फेरीत पूर्णांक, कमाल 600. म्हणजे रायफलवाल्याची 9.9 ही 9.9 राहते, पिस्तूलवाल्याची 9.9 ही 9 होते. इथली मुलं दशांशाची बेरीज करून पालकांना खूश करतात. साठ गोळ्यांची दशांशातली बेरीज 590 आली तरी खरे गुण 565 च्या आसपास असू शकतात. हांगझोला पुरुषांच्या एअर पिस्तूल सांघिक प्रकारात भारताचं सुवर्ण 1734 गुणांवर आलं, चीन 1733 वर राहिला. तीन जणांच्या 180 गोळ्या आणि फरक एका गुणाचा. प्रशिक्षकांना सांगितलं तर सेटिंग बदलून देतात, अर्ध्या मिनिटाचं काम आहे.

दशांशाचं गणित एकदा समजून घेतलं की सरावाची दिशाही बदलते. रायफलच्या टार्गेटचा दहाचा ठिपका अवघा 0.5 मिलिमीटर, छर्रा 4.5 मिलिमीटर. कड लागली तरी गुण मिळत असल्याने छर्ऱ्याचा मध्य केंद्रापासून 2.5 मिलिमीटरच्या आत पडला की 10.0, आणि पुढचा प्रत्येक दशांश पाव मिलिमीटरचा. पिस्तूलला दहाचं वर्तुळ 11.5 मिलिमीटर, त्यामुळे मध्य 8 मिलिमीटरच्या आत आला की दहा. पिस्तूलच्या मुलाला 10.7 आणि 10.2 मध्ये काहीच फरक पडत नाही, त्याने फक्त नऊ कमी करायचे. रायफलच्या मुलाचं तसं नाही, तिथे सगळी झुंज दहाच्या आत चालते.

भाड्याच्या बंदुकांकडे वळू. रेंजकडे चांगल्या जर्मन आणि ऑस्ट्रियन बनावटीच्या रायफल आणि पिस्तुलं आहेत, जुन्या पण निगा राखलेल्या. अडचण अशी की एकच रायफल दिवसात चार-पाच मुलं वापरतात आणि प्रत्येक जण बट-प्लेट (खांद्याची टेक), चीक-पीस (गालाची टेक) आपल्या मापाने सरकवतो. यावर साधा उपाय: आपली मापं बसली की प्रत्येक पट्टीवरच्या आकड्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवायचा आणि रोज पहिली पाच मिनिटं त्याप्रमाणे बसवण्यात घालवायची. डायॉप्टरच्या क्लिकची नोंद वहीत. बऱ्याच जर्मन डायॉप्टरवर अक्षरं गोळी कुठे पडली त्याची असतात, कुठे न्यायची त्याची नव्हे. गोळ्या उजवीकडे पडत असतील तर आर लिहिलेल्या बाजूला फिरवायचं, वर पडत असतील तर एचकडे (जर्मन 'होख', म्हणजे वर). इथे नवी मुलं हमखास उलटं फिरवतात आणि पाच सायटर फुकट जातात. दोन गोळ्या मारून खात्री करून घेतलेली बरी.

पिस्तूलचा ट्रिगर किमान 500 ग्रॅमचा असावा लागतो. रायफलला ट्रिगरच्या वजनाची अट नाही. स्पर्धेत पंच नळी उभी धरून ट्रिगरला वजन लावतात आणि ते उचललं गेलं पाहिजे. रेंजकडे हे वजनच नाही! बंदुकांच्या एवढ्या किमती आणि पाचशे ग्रॅमचं वजन नाही, हे कळत नाही. इथली दोन पिस्तुलं बोटाला संशयास्पद हलकी लागतात. सामन्यानंतरही तपासणी होऊ शकते आणि तेव्हा ट्रिगर कमी भरला तर मूल बाद होतं, गुण कितीही असोत. पिस्तूल स्पर्धेला नेणार असाल तर आधी कुठून तरी वजन आणून तपासा, आणि 500 वर नेमकं न ठेवता वीस-तीस ग्रॅम जास्तच ठेवा. वाहतुकीत स्क्रू थोडा हलतो.

सिलिंडर हा इथला सगळ्यात दुर्लक्षित कोपरा, म्हणून जरा सविस्तर. बंदुकीच्या सिलिंडरमध्ये 200 बारपर्यंत (बार हे दाबाचं माप) हवा भरतात. रेंजकडे मोठी टाकी आहे आणि तिच्यातून भरून देतात. पहिली गोष्ट, मोठ्या टाकीतच 150 बार उरले असतील तर तुमच्या सिलिंडरमध्ये 150 च्या वर काही येणार नाही. आठवड्याच्या शेवटी हे होतंच, कारण टाकी सोमवारी भरून येते. दुसरी, सहायक व्हॉल्व्ह एकदम उघडतो. हवा जोराने दाबली गेली की सिलिंडर गरम होतो, काटा 200 दाखवतो, आणि गार झाल्यावर तोच काटा 180 च्या खाली उतरतो. मुलाला वाटतं सिलिंडर गळतोय. व्हॉल्व्ह हळूहळू उघडून, मध्ये थांबत भरलं तर हा फरक बराच कमी होतो. तिसरी, सिलिंडरवर उत्पादनाची तारीख कोरलेली असते. सर्वसाधारणपणे बनवल्यापासून दहा वर्षांपर्यंतच वापरायचा असतो आणि मुदतीची जबाबदारी खेळाडूची. रेंजच्या दोन सिलिंडरवरची तारीख घासून गेली आहे. असला सिलिंडर स्पर्धेला नेऊच नका, आणि खरं तर भरूही नका. विमानाने जायचं असेल तर सिलिंडर रिकामा करून, बंदुकीपासून काढून न्यावा लागतो, म्हणजे पोहोचल्यावर तिथे भरायची सोय आहे का हे आधी विचारून ठेवा.

छर्रे रेंजवरच विकत मिळतात, पण सुटे घेऊ नका. मोठ्या डब्यातून मोजून कागदाच्या पुडीत बांधून देतात, त्यात शिशाच्या मऊ कडा चेपतात. कड चेपलेला छर्रा नळीत नीट बसत नाही आणि गोळी विनाकारण सातवर जाते. बंद डबा घ्या. रायफलला सहसा 0.53 ग्रॅमचे, पिस्तूलला त्याहून हलके वापरतात: आरडब्ल्यूएसचा आर 10 पिस्तूलसाठी 0.45 ग्रॅममध्ये येतो, एच अँड एनचा फिनाले मॅच 0.49 आणि 0.53 मध्ये. डब्यावर डोक्याचं माप, 4.49 किंवा 4.50, आणि बॅच नंबर असतो. आपल्या बंदुकीला कोणता पटतो हे ती शिकंज्यात घट्ट बसवून, दहा-दहा गोळ्या मारून कळतं. भोक बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत 5 ते 6 मिलिमीटरमध्ये आलं तर तो डबा तुमचा. रेंजवर असा शिकंजा नाही, आणि प्रशिक्षक "अजून लहान आहे, कुठलाही चालेल" म्हणतात. आठ-नऊच्या पातळीवरच्या मुलाला खरंच कुठलाही चालतो, इथे ते बरोबर आहेत. सरासरी 10.2 च्या पुढे गेलेल्या रायफलच्या मुलाला नाही चालत. पावसाळ्यात उघडा डबा ठेवला तर छर्ऱ्यांवर पांढरट थर येतो, तोही झाकण घट्ट लावून टाळता येतो.

रायफलची जॅकेट भाड्याने मिळतात. ती घालून सराव ठीक, सामना नको. नियमाप्रमाणे एकेरी थर 2.5 मिलिमीटरपेक्षा जाड चालत नाही, कापड ठरावीक मर्यादेपेक्षा कडक चालत नाही, आणि बटणं लावण्याच्या जागेपलीकडे जॅकेट किमान 70 मिलिमीटर एकावर एक चढलं पाहिजे. भाड्याच्या जॅकेटची बटणं आधीच्या कुणीतरी सरकवलेली असतात. त्यामुळे ती सडपातळ मुलाला सैल आणि धष्टपुष्ट मुलाला इतकी घट्ट होतात की उपकरण तपासणीतच नापास. जीन्स पँट घालून मूल रेंजवर सराव करतं, ते स्पर्धेत चालत नाही. पिस्तूलवाल्यांचे बूट घोट्याच्या हाडाच्या खालीच हवेत.

प्रशिक्षकांबद्दल मात्र चांगलंच लिहायला हवं. उभं राहणं, नॅचरल पॉइंट ऑफ एम (अंग सैल असताना बंदूक आपोआप जिथे रोखली जाते ती जागा), श्वास, ट्रिगर, फॉलो-थ्रू, हा क्रम ते सोडत नाहीत, आणि नव्या मुलाला पहिले काही दिवस गोळी न देता ड्राय करायला लावतात. पालक कुरकुरतात, पण तेच योग्य. मुलाने डोळे मिटून रायफल खांद्याला लावायची, उघडल्यावर नेम टार्गेटच्या बाजूला असेल तर हात नाही, पाय हलवायचा, हे त्यांनी इतक्या वेळा करून घेतलेलं आहे की इथल्या मुलांची उभं राहण्याची पद्धत इतर रेंजपेक्षा चटकन ओळखू येते. फक्त संध्याकाळच्या गर्दीत एकटेच असतात, बारा लेनला एक माणूस. दुपारची वेळ जमली तर घ्या.

फायनलचा सराव इथे होतच नाही, ही दुसरी मोठी उणीव. पात्रता फेरीतले पहिले आठ फायनलला जातात आणि तिथे गुण शून्यापासून. पॅरिस 2024 पर्यंतची रचना अशी: पाच-पाच गोळ्यांच्या दोन मालिका, प्रत्येकी 250 सेकंद, मग एकेक गोळी 50 सेकंदांत, बाराव्या गोळीपासून दर दोन गोळ्यांनी एक जण बाहेर, एकूण 24. हांगझोला ऐश्वर्य आणि ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील, दोघेही भारताचे, बरोबरीत आले आणि कांस्य शूट-ऑफवर, म्हणजे बरोबरी फोडणाऱ्या जादा गोळीवर ठरलं. अशा वेळी मूल एकटं उभं असतं, सूत्रधार माइकवर बोलत असतो, मागून टाळ्या वाजत असतात. इथे मात्र एसीचा आवाजही नको म्हणून मुलं कानात बोळे घालून सराव करतात. आठ मुलं जमवा, ब्लूटूथ स्पीकर आणा, कोणीतरी इंग्रजी आज्ञा मोठ्याने द्या: लोड, स्टार्ट, स्टॉप, अनलोड. स्टॉप म्हटल्यावर गोळी मारायची नाही, एवढं तरी अंगवळणी पडेल. रेंजवाले हरकत घेत नाहीत, स्वतःहून करत नाहीत इतकंच.

सुरक्षेत फार खोट नाही. नळीत पूर्ण लांबीचा नारिंगी धागा घालूनच बंदूक टेबलावर ठेवायला लावतात, लेनपुढे कोणी असेल तर सगळ्या बंदुका खाली. स्वच्छतेत खोट आहे. शिसं आहे हे विसरून रोज सकाळी कोरडा झाडू मारतात, धूळ उडते आणि बंद एसी हॉलमध्ये फिरत राहते. ओल्या फडक्याने किंवा योग्य व्हॅक्यूमने पुसायला हवं. आणि फायरिंग लाइनवर पोह्यांची पुडी उघडणाऱ्या मंडळींना कोण सांगणार? मुलांना आधी साबणाने हात धुवायला लावा, मग खायला द्या.

बंदूक विकत घ्यावी का, असं पालक पहिल्याच महिन्यात विचारतात. 4.5 मिलिमीटरच्या दहा मीटर एअर रायफलला आणि पिस्तूलला परवाना लागत नाही, तिची ऊर्जा कायद्याच्या 20 ज्यूलच्या मर्यादेच्या बरीच खाली असते. पण तिची किंमत लाखांत जाते. राज्य स्पर्धेची पात्रता येईपर्यंत भाड्याची वापरा, तोवर पैसे जॅकेट, बूट आणि बंद डब्यांच्या छर्ऱ्यांवर घाला. मोठ्या कॅलिबरचा विचार सध्या सोडा. महूला सैन्याचं मार्क्समनशिप युनिट आहे, लंडन 2012 चा रौप्यविजेता विजय कुमार तिथलाच होता, पण ते सैनिकांसाठी आहे, शनिवारी मुलाला नेऊन सोडायची जागा नव्हे. राज्याची नेमबाजी अकादमी भोपाळला आहे, खेलो इंडिया युवा स्पर्धेची नेमबाजी 2023 मध्ये तिथेच झाली. स्पर्धेच्या हॉलचा अंदाज यावा म्हणून एखादी राज्य स्पर्धा मुलासोबत नुसती बघून या.

लेन मागताना चार ते सात यांपैकी मागा, खिडकीकडची आणि शेवटच्या दोन नको. सिलिंडर मंगळवारी भरून घ्या.